कोळीवाड्यातला आहे, पण पोहता येत नाही

पत्राचा सारांश

पत्र लिहिणारा मुलगा १९ वर्षांचा आहे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका कोळीवाड्यात राहतो. घरची बोट आहे, वडील मासेमारीला जातात, आई मार्केटात म्हावरं विकते. यंदा क्रेडिटसाठी त्याने पोहणं हा विषय घेतला, खरं तर मित्रांनीच घ्यायला लावला: ‘तुला काय, फुकटचे मार्क.’ पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, कोणाकोणाला पोहता येतं? सगळे याच्याकडे बघायला लागले आणि याचा हात वर गेला. ‘कोळ्याच्या पोराला मी काय शिकवणार, जा तिकडे,’ असं म्हणत सरांनी त्याला खोल बाजूच्या गटात पाठवलं. उडी मारली, नाकातोंडात पाणी गेलं, कशीबशी लेनची दोरी हाताला लागली. पायात गोळा आला असं सांगून तो बाहेर आला. तेव्हापासून कधी ताप आहे, कधी कान दुखतोय, असं करत तो तलावाकडे फिरकलेला नाही. सत्राच्या शेवटी २५ मीटर पोहून दाखवायचं आहे, हजेरीचीही अट आहे. तो लहान असताना चुलते समुद्रात गेले ते परतले नाहीत. तेव्हापासून आईने त्याला पाण्यात उतरू दिलेलं नाही. घरात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. तो विचारतो: विषय बदलून योग घेऊ, की पोहता येणाऱ्या एका मित्राबरोबर पहाटे किनाऱ्यावर जाऊन गुपचूप शिकून घेऊ? या वयात जमेल का? ‘सरांना खरं सांगितलं तर वर्गात हसं होईल, आणि वाड्यात कळलं तर बाबांची मान खाली जाईल.’

उत्तर

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रात तीन प्रश्न आहेत. मधल्याचं उत्तर आधी देते, कारण बाकीच्यांवर सावकाश बोलता येईल, याला थांबून चालणार नाही. किनाऱ्यावर जाऊन शिकायचा बेत सोडून दे. आजच.

पावसाळ्यातला दर्या तुमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त ओळखीचा आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यात माशांच्या विणीचा विचार आहे तसा खवळलेल्या समुद्राचाही आहे. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय जुनी माणसं बोट काढायला नाखूश असतात. मग पोहता न येणाऱ्याने त्याच पाण्यात पहाटे, कोणी बघत नसताना उतरायचं? लाट मागे फिरताना पायाखालची वाळू ओढून नेते, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला माणूस दोन पावलांत गळ्याएवढ्या पाण्यात जातो. अक्सा किनाऱ्याचं नाव बुडण्याच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा येतं ते यामुळेच, आणि त्या बातम्यांतली मुलं बहुधा तुझ्याच वयाची, मित्रांबरोबर आलेली असतात.

तुझ्या मित्राला पोहता येतं, हे मी मान्य करते. पण पोहता येणं आणि बुडणाऱ्याला बाहेर काढता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाबरलेला माणूस हाताला लागेल त्याला घट्ट धरतो, त्याच्या खांद्यांवर चढू पाहतो, आणि उत्तम पोहणाराही त्या मिठीत खाली जातो. शिवाय बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंड पाण्यावर येतं तेवढ्या क्षणात श्वास घ्यायचीच मारामार असते, हाक कुठून मारणार? हात वर करून बोलावताही येत नाही, कारण हात आपोआप पाणी खाली दाबायला जातात. दूर उभ्या असलेल्याला वाटतं, पोरगा डुंबतोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. हे तुला घाबरवायला लिहीत नाही. तुझी भीती तुला आधीच पुरेशी आहे, आणि ती शहाणी भीती आहे असं माझं मत आहे.

आता तुझ्या लाजेकडे येते. कोळ्याच्या पोराला पोहता यायलाच हवं, हे सरांनी गृहीत धरलं, मित्रांनी धरलं आणि तूही धरलंस. का? तुझ्या बाबांकडे समुद्राची मोठी विद्या आहे. वारा कधी फिरेल, भरती कधी लागेल, जाळं कुठे टाकायचं, इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हे त्यांनी वर्षानुवर्षं बोटीवर राहून कमावलं आहे. पोहणं ही त्याहून निराळी विद्या आहे आणि तीही कमवावीच लागते. वाड्यातली जी पोरं पोहतात त्यांना कोणा थोरल्या भावाने, मामाने शांत पाण्यात हाताला धरून उतरवलेलं असतं. देशावर विहिरीत शिकवताना पोराच्या पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधायचे आणि काठावर घरातलं मोठं माणूस नजर ठेवून बसायचं. शिकवल्याशिवाय कोणालाच पोहता येत नाही. शिकवणारा घरातला असला की ते शिकवणं कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, एवढंच.

तुमच्या घरात ते शिकवणं थांबलं, कारण घरातलं एक माणूस गेलं. ज्या बाईने आपला दीर समुद्रात गमावला तिने आपल्या पोराला पाण्यापासून लांब ठेवलं, तुला अभ्यासाला बसवलं. यात तुझ्या बाबांची मान खाली जाण्यासारखं काय आहे? मला तरी दिसत नाही. वाड्यात चार लोक चेष्टा करतील, कदाचित करतीलही. पण ज्यांच्या घरातून कोणी दर्यात गेलंय त्यांना तुझं पोहता न येणं समजावून सांगावं लागणार नाही.

‘पाण्यात पडलं की पोहता येतं’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, आणि तुझ्या सरांनी कळत-नकळत तेच केलं. ढकलल्यावर शिकलेले लोक ती गोष्ट आयुष्यभर रंगवून सांगतात. ढकलल्यावर जे पुन्हा कधी पाण्याजवळ गेले नाहीत ते गप्प बसतात, म्हणून ही म्हण टिकून आहे. खोल पाण्यात अचानक पडलेलं शरीर हात मारायला शिकत नाही, आकसायला शिकतं. मान ताठ होते, श्वास वरचेवर आणि उथळ होतो, आणि पुढच्या वेळी क्लोरीनचा नुसता वास आला तरी पोटात गोळा येतो. तुला ताप येत नव्हता, कान दुखत नव्हता हे मला माहीत आहे. पण तलावाच्या दिवशी सकाळी पोटात जे होत होतं ते खोटं नव्हतं.

या वयात जमेल का? हो, जमेल. मी स्वतः पस्तिशी उलटल्यावर शिकले, आणि माझ्या बॅचमध्ये माझ्याहून मोठ्या बायका होत्या. जगातली काही विद्यापीठं तर याच वयाच्या मुलामुलींना पोहायला शिकवणं आपलं काम मानतात. अमेरिकेतल्या एमआयटीत पदवीच्या विद्यार्थ्यांना १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटर, पोहून दाखवावं लागतं, नाहीतर पोहण्याचा वर्ग करावा लागतो. चीनमधल्या छिंग्वा विद्यापीठाने २०१७ मध्ये जाहीर केलं की नव्या विद्यार्थ्यांना ५० मीटर पोहता आल्याशिवाय पदवी मिळणार नाही. अशी सक्ती असावी की नाही यावर वाद आहेत, आणि मला स्वतःला सक्ती फारशी आवडत नाही. पण अठरा-एकोणीस वर्षांची, कधीही पाण्यात न उतरलेली मुलं तिथे दरवर्षी शिकतात, एवढं त्यातून दिसतं. मोठ्या माणसाला सांगितलेलं लवकर समजतं. लहान मुलाच्या मानाने त्याला भीती मात्र जास्त असते, कारण काय काय होऊ शकतं याची कल्पना त्याला करता येते. म्हणून मोठ्यांना शिकवताना पायऱ्या गाळून चालत नाही. तुझ्या बाबतीत त्या सगळ्याच गाळल्या गेल्या. अ-आ न गिरवता थेट निबंध लिहायला बसवल्यासारखं झालं.

त्या पायऱ्या जरा सविस्तर सांगते, कारण असाच प्रश्न विचारणारी आणखी पत्रं माझ्याकडे आहेत.

पहिली पायरी श्वासाची. छातीएवढ्या पाण्यात, कठडा धरून उभं राहायचं, तोंड पाण्यात घालायचं आणि नाकातून सावकाश बुडबुडे सोडायचे. वर येऊन तोंडाने श्वास घ्यायचा, पुन्हा खाली. बहुतेक नवशिके नेमकं उलटं करतात: पाण्याखाली श्वास कोंडून धरतात आणि वर आल्यावर एकाच क्षणात सोडायचाही असतो, घ्यायचाही असतो. श्वास कोंडला की जीव घाबरा होतो तो प्राणवायू संपला म्हणून नव्हे. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि मेंदू आरडाओरडा सुरू करतो. पाण्याखाली श्वास सोडत राहिलं की ती घुसमट कमी होते. चार-पाच तास नुसते यातच गेले तरी जाऊ देत.

मग तरंगणं. इथे एक गोष्ट समजून घे, म्हणजे पाण्यावर विश्वास ठेवायला कारण मिळेल. फुप्फुसं भरलेली असताना बहुतेक माणसांचं शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. पूर्ण श्वास सोडला की किंचित जड होतं. इतक्या थोड्या फरकावर सगळा खेळ आहे. समुद्राचं पाणी तलावाच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं, म्हणून तिथे तरंगणं थोडं सोपं पडतं, पण लाटा आणि ओढ तो फायदा खाऊन टाकतात. सडपातळ मुलांचे पाय तरंगताना खाली जातात. जाऊ देत. हवा छातीत असते, पायांत हाडं आणि स्नायू, त्यामुळे छाती वर आणि पाय खाली हे शरीराच्या रचनेनेच होतं. ‘माझी हाडंच जड आहेत’ असं म्हणून सोडून देणारी मुलं मी पाहिली आहेत. डोकं पाण्याबाहेर काढायची धडपड केली की पाय आणखी बुडतात, डोकं पाण्यात सैल सोडलं की ते वर येऊ लागतात. हे भीतीच्या अगदी विरुद्ध असल्यामुळे शेजारी हात धरायला कोणीतरी हवंच.

पाठीवर तरंगायला शिकलास तर मी म्हणेन की या विषयातलं सर्वांत मोलाचं तुझ्या पदरात पडलं. ब्रिटनमधली समुद्रात बचावकार्य करणारी आरएनएलआय ही संस्था लोकांना हेच शिकवते: अचानक पाण्यात पडलात तर हातपाय मारण्याच्या आधी मान मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या, हात पसरा, श्वास ताळ्यावर येईपर्यंत तरंगत राहा, मग मदतीला हाक मारा. बोटीवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे यायला हवं, लाइफ जॅकेट अंगात असलं तरीही.

त्यानंतर कठड्याला पाय लावून पुढे घसरत जाणं, किकबोर्ड, म्हणजे तरंगणारी फळी, धरून पाय मारणं (गुडघ्यातून नव्हे, मांडीतून, घोटे सैल), आणि शेवटी हात. फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पोटावर, आळीपाळीने एकेक हात पुढे टाकत पोहताना, श्वास घेण्यासाठी डोकं वर उचलायचं नाही, कुशीवर वळायचं. ज्यांना तोंड पाण्यात घालणं फारच जड जातं त्यांनी आधी बॅकस्ट्रोक, म्हणजे पाठीवर पोहणं, शिकायला हरकत नाही. २५ मीटर कोणत्या पद्धतीने पार करायचे अशी अट नसेल तर तुलाही तो सोपा पडेल. आठवड्यातून तीनदा नियमित उतरणारी माणसं दोन-तीन महिन्यांत तेवढं अंतर पार करतात असं मी पाहिलं आहे, कोणी लवकर, कोणी उशिरा. नेट लावून नाही, सवयीने.

एक इशारा, तुझ्यासाठी कमी आणि तुझ्या खोल बाजूच्या मित्रांसाठी जास्त: पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतं याची पैज कधीही लावू नका. त्याआधी भराभर खोल श्वास घेतले तर कार्बन डायऑक्साइड इतका कमी होतो की घुसमटीची जाणीवच होत नाही, आणि माणूस पाण्याखाली कसलीही पूर्वसूचना न मिळता बेशुद्ध पडतो. चांगले पोहणारे यात जास्त सापडतात.

आता सर. तुझ्या पत्रात ते थोडे निष्ठुर वाटतात, आणि त्यांचं ते वाक्य चुकीचंच होतं. जातीवरून कोणाला काय येतं हे ठरवणं शिक्षकाला शोभत नाही, त्यामागे कौतुक असलं तरी नाही. पण त्यांच्या जागी क्षणभर उभा राहून बघ. एका तासाची बॅच, त्यातली वीस मिनिटं कपडे बदलण्यात आणि शॉवरमध्ये जातात. तीस-चाळीस मुलं, कोणी शाळेपासून स्पर्धा खेळलेलं, कोणी पहिल्यांदा तलाव पाहणारं. तलावात आवाज इतका घुमतो की दहा फुटांवरचं ऐकू येत नाही. त्यात मध्येच परीक्षा येतात आणि आठवडा-आठवडा वर्ग होत नाही. पुष्कळ कॉलेजांना स्वतःचा तलाव नसतो, दुसऱ्याकडून तासावर घेतलेला असतो. अशा घाईत ‘कोणाला येतं?’ असं सगळ्यांसमोर विचारून हात मोजणं हा सर्वांत झटपट मार्ग आहे, आणि सर्वांत धोक्याचाही, कारण अठरा-एकोणीसच्या वयात वर्गासमोर खोटा हात वर करणारा तू एकटा नाहीस. तुझ्या बॅचमध्ये गॉगल पुन्हा पुन्हा नीट करत कठड्यापाशी रेंगाळणारं कोणी दिसलं असेल, नेहमी शेवटच्या नंबरला उभं राहणारं कोणी असेल. त्यांच्याकडे जरा बघ.

सरांना सांगावं लागेल, असं मला वाटतं. वर्गात नाही. तासाच्या आधी किंवा स्टाफरूममध्ये, एकट्याने. फार बोलायची गरज नाही: ‘सर, पहिल्या दिवशी मी चुकीचा हात वर केला. मला पोहता येत नाही. घरात पाण्यात एक दुर्घटना झाली आहे, त्यामुळे मला भीती वाटते. मला उथळ बाजूला नवशिक्यांच्या गटात घ्याल का?’ एवढं पुरे. चुलत्यांबद्दल यापेक्षा जास्त सांगायचं की नाही हे तू ठरव. त्याच दिवशी हेच दोन ओळींत ईमेल करून ठेव, म्हणजे बुडालेल्या हजेरीबद्दल पुढे बोलायला आधार राहील. आजारपणाची जी कारणं दिलीस तीही तिथेच मिटव. वैद्यकीय दाखला मिळवायच्या मागे लागू नकोस. बहुतेक शिक्षक हे ऐकून हादरतात, कारण वर्गात काय होता होता राहिलं हे त्यांना तुझ्याआधी कळतं.

आणि समज, त्यांनी हसून उडवून लावलं, किंवा ‘उतर, काही होत नाही’ म्हणाले, तर? तर खोल पाण्यात उतरायचं नाही. क्रेडिट गेलं तरी चालेल. तसं झालं तर विभागप्रमुखांकडे जा, आणि विषय बदलून घे. योग घेणं म्हणजे पळून जाणं नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर खेळ, योग, एनएसएस अशा गोष्टींना क्रेडिट मिळू लागलं, ते विद्यार्थ्याने आपल्याला झेपेल ते निवडावं म्हणूनच. जिथे नवशिक्यांचा वेगळा गट नाही, किंवा शिकवणाऱ्या सरांखेरीज काठावर दुसरा जीवरक्षक नाही, असा वर्ग सोडण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. मात्र सरांना न सांगता, नुसतं तोंड लपवायला विषय बदललास तर भीती आणि लाज दोन्ही तुझ्याबरोबर योगाच्या वर्गात येतील, असं वाटतं मला. म्हणून माझा कल आधी बोलण्याकडे आहे. विषय बदलायची मुदत कधी संपते ते ऑफिसात विचारून घे आणि त्याच्या आधी बोल.

परीक्षेबद्दल एक सांगू का? २५ मीटर हे अंतर मार्कांसाठी ठरवलेलं आहे. कठडा दिसतोय म्हणून दम कोंडून, हात आपटत पार केलेले २५ मीटर तुला समुद्रात काहीच कामाचे नाहीत. उलट एखादी मुलगी दहा मीटरच पोहते, पण पाच मिनिटं शांतपणे पाठीवर तरंगते, ती माझ्या लेखी जास्त शिकली. मार्क कमी पडले तर पडू देत.

आईला सांगायचं का, यावर मी बराच विचार केला. तू तिला विचारलं नाहीस, कारण ती नको म्हणेल. ती म्हणेलच. तरी माझं मत आहे की तिला कळायला हवं, परवानगी मागण्यासाठी नव्हे, तिला बाहेरून कळू नये म्हणून. कॉलेजचा वर्ग आहे, पाणी छातीपर्यंतच आहे, काठावर माणूस उभा असतो, आणि मी समुद्रात उतरत नाही, ही चार वाक्यं तिच्यासाठी मोलाची आहेत. बाबांना आधी सांगणं सोपं जात असेल तर त्यांना आधी सांग. त्यांनी भाऊ गमावला आहे, आणि मला वाटतं, बोटीवर जाताना त्यांच्या मनात तो असणार. तुमच्या घरात या विषयावर बोलणं सुरू झालं तर ते पोहण्यापुरतं राहणार नाही. थोडं रडू येईल, कदाचित रागही येईल. त्या रात्री दुसऱ्या दिवशीचा तास ठेवू नकोस.

मुलींची जी पत्रं आली आहेत त्यांच्यासाठी इथेच थोडं लिहिते. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा नायलॉनचा पोशाख बऱ्याच तलावांवर चालतो; सुती कपडे चालत नाहीत, कारण ते पाणी धरून जड होतात आणि नवशिकीला खाली ओढतात. पाळीच्या दिवसांत टॅम्पॉन किंवा कप वापरून पोहता येतं, पण नको वाटत असेल तर ‘आज उतरणार नाही’ एवढं सांगणं पुरेसं असावं, कारण विचारलं जाऊ नये. फक्त मुलींची बॅच, किंवा निदान बाई प्रशिक्षक, ही मागणी चार-पाच जणींनी मिळून लेखी केली तर कॉलेजला ती टाळणं अवघड जातं. केस आधी साध्या पाण्याने भिजवून मग टोपी घाला, क्लोरीनचं पाणी कमी शोषलं जातं. कॉन्टॅक्ट लेन्स लावून तलावात उतरू नका.

शिकवणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर माझी एक कळकळीची विनंती आहे. पहिल्या तासाला हात वर करायला सांगू नका. प्रत्येकाला चिठ्ठी द्या, त्यावर तीनच प्रश्न: तोंड पाण्यात घालता येतं का, पाय टेकत नाहीत अशा पाण्यात कधी राहिला आहात का, पाण्याची कोणती वाईट आठवण आहे का. मग ‘येतं’ म्हणणाऱ्यांनाही आधी उथळ बाजूला एकदा तरंगून दाखवायला लावा. वेग नंतर बघा. आणि दर दहा मिनिटांनी डोकी मोजा. चाळीस मुलांत एक कमी असणं नुसत्या नजरेला जाणवत नाही.

तुझ्याकडे परत येते. सरांनी होकार दिला तर पहिले दोन आठवडे खोल बाजूकडे बघूही नकोस, मित्र तिकडून कितीही हाका मारोत. त्यांना सांगायला एक वाक्य तयार ठेव: ‘मला येत नाही, शिकतोय.’ पहिल्यांदा म्हणताना घशात अडकेल. विषय बदलावाच लागला, तर उन्हाळ्याची वाट बघ. महापालिका आपल्या तलावांवर एप्रिल-मे महिन्यांत २१ दिवसांचे शिकाऊ वर्ग भरवत आली आहे. शिवाजी पार्कजवळचा महात्मा गांधी स्मारक तलाव, चेंबूर, कांदिवली, दहिसर इथे महापालिकेचे तलाव आहेत. जागा लवकर भरतात, म्हणून मार्चपासून महापालिकेच्या संकेतस्थळावर नजर ठेव आणि डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला आधीच काढून ठेव. तिथे तुला कोणी ओळखणार नाही, आणि नवशिक्यांच्या रांगेत तुझ्या वयाची मुलं असतील, चाळिशीची माणसंही असतील. गॉगल मात्र विकत घेताना डोळ्यांना लावून बघ, पट्टा न ओढता क्षणभर चिकटून राहिला तर तो तुझ्या मापाचा.